विभंगांमधील प्रतिबल-संक्रमण

विभंगांमधील प्रतिबल-संक्रमण म्हणजे भूकंपाच्या वेळी एक विभंग (प्रस्तरभंग) सरकल्यामुळे शेजारच्या विभंगांवरील प्रतिबलात होणारा बदल होय. मोठ्या भूकंपाने साठलेला ताण मोकळा होतो व सारा परिसर सुरक्षित होतो, ही समजूत अपुरी आहे. सरकलेल्या भागावरील प्रतिबल घटते, पण त्याच्या टोकांपलीकडे ते वाढते.

शेजारच्या विभंगाच्या पृष्ठाला समांतर असलेले कर्तन प्रतिबल वाढले, किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे लंब प्रतिबल घटून घर्षण कमी झाले, तर तो सरकण्याच्या अधिक जवळ येतो. या दोहोंच्या एकत्रित मापाला कूलोम प्रतिबल-बदल म्हणतात. हा बदल बहुधा थोड्याच बारचा असतो. त्यामुळे तो नवा भूकंप घडवीत नाही. सरकण्याच्या बेतात आलेल्या विभंगाची वेळ तेवढी अलीकडे आणतो. काही ठिकाणी उलटही घडते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर त्या भागातील भूकंप कित्येक दशके विरळ झाले होते. अशा क्षेत्रास प्रतिबल-छाया म्हणतात.

सर्वांत बोलके उदाहरण तुर्कस्तानातील उत्तर अनातोलिया विभंगाचे आहे. १९३९ मध्ये एर्झिंजान येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९४२, १९४३ व १९४४ चे भूकंप क्रमाने पश्चिमेकडे सरकत गेले. रॉस स्टाइन, आयकुट बार्का व जेम्स डिटरिच यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, १९३९ ते १९९२ या काळातील दहा मोठ्या भूकंपांपैकी नऊ भूकंपांच्या जागी आधीच्या धक्क्यांनी प्रतिबल वाढवून ठेवले होते. ही वाढ साधारणतः १ ते १० बार, म्हणजे भूपट्टांच्या नेहमीच्या हालचालीने ३ ते ३० वर्षांत साठणाऱ्या प्रतिबलाइतकी होती. त्यांनी धोक्याची म्हणून दाखविलेल्या जागांत इझमितचा परिसर होता. तेथे १७ ऑगस्ट १९९९ रोजी भूकंप होऊन १७,००० हून अधिक लोक मरण पावले. तीन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबरला, लगतच्या पूर्वेकडील द्युझ्जे येथे ७.२ महत्तेचा भूकंप झाला.

एकाच भूकंपातही सरकणे एका विभंगावरून दुसऱ्यावर उडी घेऊ शकते. ६ फेब्रुवारी २०२३ चा ७.८ महत्तेचा तुर्कस्तानातील भूकंप एका लहान शाखा-विभंगावर सुरू होऊन मुख्य पूर्व अनातोलिया विभंगावर पोहोचला. सुमारे नऊ तासांनी उत्तरेकडील चार्दाक विभंगावर ७.५ महत्तेचा दुसरा धक्का बसला.

प्रतिबलाच्या गणनेतून धोका वाढलेली जागा सांगता येते, भूकंपाची तारीख नव्हे. द्युझ्जे तीन महिन्यांत हादरले. इझमितच्या पश्चिमेस, इस्तंबूलनजीक मार्मारा समुद्राखालून जाणाऱ्या भागावरील प्रतिबलही १९९९ मध्येच वाढले. मात्र तेथील मोठा भूकंप १७६६ नंतर झालेला नाही.