कर्तव्यभूमिती चित्रकलेत कशाला?

महाराष्ट्रात शाळा केलेल्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. कला संचालनालय या परीक्षा घेतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून चित्राची फारशी आवड नसलेली मुलंही त्यांना बसतात. एलिमेंटरीचे पेपर असे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते.

यातला शेवटचा पेपर विचित्र आहे. चित्रकलेच्या परीक्षेत कंपास, गुण्ये आणि पट्टी घेऊन पंचकोन काढायचे, वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या. हे गणिताच्या पेपरात का नाही? आणि ‘कर्तव्य’भूमिती हा काय शब्द आहे? (बऱ्याच मुलांना तो नागरिकशास्त्रातून आलाय असं वाटतं.) उत्तर शोधायला लंडनला जावं लागतं.

१८३५ साली ब्रिटिश संसदेने एक समिती नेमली. प्रश्न व्यापाराचा होता: यंत्रं आपली, कापड आपलं, तरी गिऱ्हाईक फ्रेंच रेशमाच्या नक्षीवर का भुलतं? त्यातून १८३७ मध्ये सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी स्कूल ऑफ डिझाइन निघालं. तिथे चित्रकार घडवायचे नव्हते, कारखान्यांसाठी नक्षीकार हवे होते. म्हणून सुरुवातीला मनुष्याकृती काढायला जवळजवळ मज्जावच होता. १८५१ च्या भव्य प्रदर्शनाने नक्षीकामातली इंग्रजांची उणीव पुन्हा चव्हाट्यावर आणली, आणि पुढच्या वर्षी हेन्री कोल या खटपट्या अधिकाऱ्याच्या हाती हे खातं आलं. त्याच्यासाठी रिचर्ड रेडग्रेव्हने २३ टप्प्यांचा अभ्यासक्रम आखला. पहिला टप्पा उपकरणांनी रेषा काढण्याचा, म्हणजे भूमिती. मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा उतरवणं, मग छायाप्रकाश, रंग, मातीकाम. स्वतःची नक्षी रचायची वेळ येते ती थेट २२ व्या टप्प्यात!

याच साउथ केन्सिंग्टनच्या खात्याने शाळांसाठी श्रेणी परीक्षा काढल्या. त्यांतल्या दुसऱ्या श्रेणीचे विषय होते: मुक्तहस्त चित्र, प्रॅक्टिकल प्लेन जॉमेट्री, यथार्थदर्शन आणि मॉडेल ड्रॉइंग. ‘प्रॅक्टिकल’चं ‘कर्तव्य’ झालं, म्हणजे करायची भूमिती. मॉडेल ड्रॉइंगच्या ओळीत आपलं वस्तुचित्र बसतं. ‘ग्रेड’ हा शब्द तर आपण तसाच ठेवला. मुलांच्या निकालावर शिक्षकांचं मानधन ठरायचं, त्यामुळे मोजता येईल, तपासता येईल तेच शिकवलं जायचं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे फार ओळखीचं वाटतं. जे डॅशबोर्डवर दिसतं तेच सुधारतं.

हा नमुना एकट्या मुंबईला आला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये कारखानदारांच्या अर्जावरून १८७० साली शाळांत ड्रॉइंग सक्तीचं झालं, आणि ते राबवायला साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतलाच वॉल्टर स्मिथ इंग्लंडहून बोलावला गेला. त्यामुळे याला नुसतं ‘वसाहतवादी शिक्षण’ म्हणून मोकळं होता येत नाही. बोस्टनच्या मुलांनीही त्याच रेषा गिरवल्या. फरक इतकाच की त्यांच्या शहरांत त्या रेषा वापरणारे कारखाने होते.

मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाचं आर्ट स्कूल सुरू झालं. हेतू कारागिरी सुधारण्याचा. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स आले, आणि काही काळ तरी नक्षी शिकण्याला प्रत्यक्ष काम जोडलं गेलं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडातली पानं, पक्षी, प्राणी ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या हातून घडले. हेच ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. नमुना उतरवण्याच्या ज्या शिस्तीला आपण नाकं मुरडतो, तिच्यामुळेच हे काम होऊ शकलं. (लंडनला पाठवलेल्या त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे आगीत जळाल्या.)

शाळेपर्यंत पोचताना कारखानाही गळाला आणि इमारतही. उरला तो टप्प्यांचा सांगाडा. संकल्पचित्रात आजही मूल वर्तुळाचे सहा भाग करतं, त्यात पान-फूल बसवतं, रंग भरतं. ती नक्षी कशावर जाणार, कापडावर, फरशीवर की दगडावर, हे कुणी विचारत नाही. साहित्य बदललं की नक्षी बदलते, हा डिझाइनचा पहिला धडाच त्यात नाही.

तरी या परीक्षांनी मुलांची कल्पकता मारली, हे सरसकट विधान मला पटत नाही. स्टुलावर तांब्या ठेवलेला असतो. त्याचं तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते गोलच काढतं. ड्रॉइंगचे सर सांगतात: हात ताठ कर, एक डोळा मीट, पेन्सिलीवर माप घे. तेव्हा कळतं की समोर दिसतोय तो चपटा लंबगोल आहे. आपल्याला जे माहीत आहे आणि जे दिसतंय ते वेगळं असू शकतं, हे तेराव्या वर्षी स्वतःच्या हाताने सिद्ध करायला दुसऱ्या कुठल्या तासात मिळतं? आमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्समध्ये इंटरमिजिएट केलेली मुलं फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू सहज काढायची. बाकीच्यांना ठोकळा मनातल्या मनात फिरवता यायचा नाही.

खरा बिघाड स्मरणचित्रात आहे. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात लेकोक द बुआबोद्राँ नावाच्या शिक्षकाने स्मरणातून चित्र काढण्याची पद्धत बसवली. वस्तू नीट बघायची, मग ती नजरेआड करायची, मग काढायची. रोदाँ त्याचा विद्यार्थी. आपल्याकडे विषय येतो ‘भाजी मंडई’ किंवा ‘पावसातली शाळा’. मुलं क्लासमध्ये घोटलेल्या तीन आकृत्या पुढे, झाड डावीकडे, घर मागे अशी मांडणी करतात. विषय बदलला की टोपलीच्या जागी छत्री. यात स्मरण आहे, पण ते गाइडमधल्या चित्राचं. मंडईत उकिडवी बसलेली बाई वजन तोलताना खांदा कसा झुकवते, हे बघायला कुणी पाठवलेलंच नसतं.

हे बदलायला नवं धोरण लागणार नाही. पेपरच्या दिवशी वर्गात मधोमध एक मोडकी सायकल आणून ठेवावी, दहा मिनिटं बघू द्यावी आणि उचलून न्यावी. मग काढायला सांगावं.