पंचहौदचा चहा आणि माणसांचे स्वभाव

सैन्यात असताना मला एक प्रश्न नेहमी पडायचा. नियम कोण मोडेल आणि कोण पाळेल, हे माणसाच्या स्वभावावरून आधी सांगता येते का? मानसशास्त्रज्ञ म्हणतात, काही अंशी येते. मिळतेजुळते घेणारा, शिस्तशीर माणूस रूढी सहसा पाळतो. नव्याची ओढ असलेला ती ओलांडतो. ढोबळमानाने हे खरे आहे. पण पलटणीत मी याच्या उलटही पाहिले. मोठ्या आवाजात वाद घालणारे ऐनवेळी रांगेत उभे राहिले, आणि कधी तोंड न उघडणारा एखादा हवालदार ठामपणे ‘नाही साहेब’ म्हणाला. म्हणून आज पुण्याच्या इतिहासातला एक प्रसंग घेऊ.

साल 1890. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांच्या पुढाकाराने शहरातील प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. व्याख्यान झाले, मग चहा आला. कोणी प्याले, कोणी पेला नुसता ओठांना लावला, कोणी तसाच बाजूला ठेवला. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले. वाळीत टाकणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. घरच्या लग्नामुंजीला भटजी मिळत नसे, श्राद्धाला ब्राह्मण येत नसत, लेकीसुनांचे माहेर तुटे.

त्या यादीत लोकमान्य टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही. टिळकांचा स्वभाव लढाऊ. 1882 मध्ये आगरकरांबरोबर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढलेले, पुढे 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेले. पण इथे त्यांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. भित्रेपणाचा आरोप त्यांच्यावर कोण करील? माझ्या मते त्यांनी आघाडी निवडली होती. सरकारशी लढायचे तर समाज पाठीशी हवा, हा त्यांचा हिशेब असावा.

रानडे स्वभावाने सौम्य. त्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. बहिष्कारात मित्रांची कुटुंबे होरपळत होती, हे त्यामागचे मुख्य कारण. सुधारक मंडळी त्यांच्यावर चिडली. पण त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नव्हते. 1873 मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा ते 31 वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत होते. ते विधवेशी लग्न करतील अशी स्नेह्यांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि 11 वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. त्यांनी रमाबाईंना शिकवले, आणि पुढे त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले, हे मान्य. तरी रानड्यांच्या सौम्यपणाने वडिलांचे मन राखले, त्याची किंमत मात्र चळवळीने मोजली. आपल्या लग्नाकडे आशेने पाहणाऱ्या विधवांची बाजू त्या दिवशी घरात मांडणारे कोणी नव्हते.

आता धोंडो केशव कर्वे पाहा. लाजाळू, मितभाषी, गणिताचे प्राध्यापक. स्वभाव पाहून कोणीही म्हणाले असते, हा माणूस रूढीबाहेर पाऊल टाकणार नाही. 1891 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. 1893 च्या मार्चमध्ये त्यांनी शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कोकणातल्या मुरुडने त्यांना वाळीत टाकले. आईला आणि भावालाही त्याची झळ बसली. कर्व्यांनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत, माघारही घेतली नाही. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ.

मग स्वभावाचे काय? रानडे मृदू, कर्वेही मृदू. एकाने मान तुकवली, दुसऱ्याने नाही. टिळक करारी, तरी त्यांनी प्रायश्चित्त सांगितले. मला वाटते, माणूस कसा वागेल हे स्वभाव ठरवतो, पण कशासाठी वागेल हे ठरवत नाही. ते त्याच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी कोणाचा चेहरा आहे यावर असते. रानड्यांपुढे वडील होते, मित्र होते. टिळकांपुढे स्वराज्य. कर्व्यांपुढे केशवपन केलेली, घराच्या कोपऱ्यात बसवलेली मुलगी होती.

आपल्यालाही असा चहा कधी ना कधी पुढे येतो. मुलगी वेगळ्या जातीत लग्न ठरवते, गावकी डोळे वटारते, आणि आपण म्हणतो, ‘माझा स्वभाव भांडखोर नाही हो.’ कर्व्यांचाही नव्हता. तेव्हा स्वभावाची ढाल पुढे करण्याआधी एवढे विचारा: मी गप्प बसलो तर किंमत कोण मोजणार?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.