दुधाचं सरकारी अनुदान : सातिवलीच्या तबेल्याला काय लागू, काय नाही

वसई : 'सरकार लिटरमागे सात रुपये देतंय म्हणे, मग आमच्या खात्यात का नाही आले?' म्हशी पाळणाऱ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर सरळ आहे. ते अनुदान गायीच्या दुधाचं होतं, म्हशीच्या दुधाला ते लागूच नव्हतं.

दूध पावडर आणि बटरचे भाव पडले की डेअऱ्या गायीच्या दुधाचा खरेदीदर उतरवतात. २०२३ अखेर तेच झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अनुदान जाहीर केलं. पहिला टप्पा ११ जानेवारी ते १० मार्च २०२४, लिटरला ५ रुपये. डेअरीने शेतकऱ्याला किमान २७ रुपये दर द्यायचा, ही अट होती. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत दुसरा टप्पा : ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला डेअरीचे ३० आणि सरकारचे ५. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डेअरीचा दर २८ वर आणून सरकारी वाटा ७ केला. शेतकऱ्याच्या हाती एकूण ३५ रुपयेच. म्हणजे वाढलेल्या दोन रुपयांचा दिलासा शेतकऱ्यापेक्षा डेअरीलाच झाला.

रोज १० लिटर गायीचं दूध घालणाऱ्याचा हिशेब केला तर पहिल्या ६० दिवसांचे ३,०००, मग ९२ दिवसांचे ४,६०० आणि शेवटच्या ६१ दिवसांचे ४,२७० असे ११,८७० रुपये होतात. पण ते हाती पडायला गायीच्या कानात बिल्ला हवा, त्या बारा अंकी क्रमांकाची ऑनलाइन नोंद हवी, बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि डेअरीने ही सगळी माहिती वेळेवर भरलेली हवी. नावात एखादं अक्षर चुकलं तरी पैसे अडकायचे. रक्कम महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या.

वसई पूर्वेच्या तबेल्यांचं गणित वेगळं. इथे मुख्यतः म्हशी, आणि दूध जातं रतीबाला, हॉटेलांना, मिठाईवाल्यांना. डेअरीच्या संकलन केंद्रावर न गेलेलं दूध गायीचं असलं तरी अनुदानाच्या यादीत येत नव्हतं. भावाचा फरकही मोठा : मार्च २०२३ मध्ये मुंबईत तबेल्याच्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर ८० वरून ८५ रुपये झाला होता. अर्थात पेंड, भुसा, हिरवा चारा सगळा विकतचा आणि म्हैस भाकड पडली की खर्च अंगावर. ८५ ऐकून तबेलेवाला मालामाल आहे असं समजू नये.

मग म्हैसवाल्याने बघायचं काय? दोन गोष्टी. पशुसंवर्धन विभागाच्या नाविन्यपूर्ण योजनेत दोन दुधाळ जनावरांचा गट मिळतो, त्यात म्हशीही येतात. सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान. अर्ज ऑनलाइन, 'एएच-महाबीएमएस' संकेतस्थळावर, ते सुरू असेल त्या मुदतीतच. बाकीचे पैसे स्वतःचे किंवा कर्जाचे.

दुसरं, पशुपालकांसाठीचं किसान क्रेडिट कार्ड. चारा, पेंड, औषधपाणी यासाठी खेळतं भांडवल. २ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४ टक्के पडतं. गोठा स्वतःचाच हवा असं नाही, भाड्याचाही चालतो. हे मात्र कर्ज आहे, अनुदान नव्हे. दोन्हींत गल्लत करून हप्ता चुकवला तर सवलत जाते.

आणि कानातला बिल्ला? म्हशींनाही मारून घ्यावा. लसीकरणाची नोंद, विमा आणि पुढची कुठलीही योजना त्याच क्रमांकावर चालते. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधार कार्ड व मोबाइल नंबर घेऊन जायचं.