दीड व्होल्टचा रेडिओ आणि माझा प्रीॲम्प

व्हॉल्व्हच्या आवाजाबद्दल कुणी लिहायला बसलं की दोन शब्द ठरलेले असतात: 'उबदार' आणि 'ते दिवस'. म्हणजे लाकडी खोक्याचा भलामोठा रेडिओ, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून दिसणारा लालसर उजेड, स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा 'जादूचा डोळा', आणि सगळं घर भोवती बसलेलं. वाचायला छान वाटतं. पण मंडळी, हे चित्र गिरगावातलं किंवा सदाशिव पेठेतलं आहे. आमच्या डोंगरकड्याचं नाही. का नाही, हे शोधायला मी दोन-तीन विकांत घालवले, आणि त्यातून माझ्या प्रीॲम्पचा एक हट्टी आजारही उलगडला. म्हणून हा लेख.

आधी भूगोल. डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं कळमनुरी तालुक्यातलं गाव. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणीचे. आणि १९४८ पर्यंत अर्थातच निजामाचे. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रेडिओ होता. एक केंद्र हैदराबादला, दुसरं औरंगाबादला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती जाहीर केली ती याच हैदराबादच्या रेडिओवरून. मराठवाड्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी बातमी हवेतून आली खरी, पण ती थेट ऐकली किती जणांनी? स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशात मिळून रेडिओची लायसन्स होती अडीच-पावणेतीन लाख. (हो, तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागायचं.) त्यातली बहुतेक शहरांत. खेड्यात ती बातमी माणसाच्या तोंडून पोचली असणार.

याचं कारण फक्त गरिबी नव्हतं. लाईट नव्हती. १९५१ साली भारतातल्या साडेपाच लाख खेड्यांपैकी वीज पोचली होती जेमतेम तीन हजारांत. आणि शहरातला व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे विजेचा राक्षस. एकट्या ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हचं हीटर पावणेपाच वॅट खातं, तेही नुसतं गरम व्हायला. आवाज काढायची वीज वेगळीच.

मग खेड्यात काय होतं? तर बॅटरी सेट. हा प्रकार आता इतका विसरला गेलाय की जुन्या रेडिओच्या शौकिनांनाही त्यात रस नसतो. पण इंजिनियर म्हणून विचाराल तर मला तोच जास्त भारी वाटतो. त्यात डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६ आणि डीएल९६ असे चार व्हॉल्व्ह असायचे. त्यांच्या तारेला लागायचे फक्त १.४ व्होल्ट, म्हणजे एका सेलचं काम. करंट पहिल्या तिघांना प्रत्येकी २५ मिलिअँपिअर, चौथ्याला ५०. चौघांचं मिळून झालं ०.१७५ वॅट. माझ्या प्रीॲम्पमधला एक ईसीसी८३ नुसत्या हीटरला १.९ वॅट घेतो, म्हणजे त्या अख्ख्या रेडिओच्या दहापट! त्या तारा इतक्या बारीक आणि इतक्या कमी तापायच्या की त्यांचा उजेड अंधारातही धड दिसत नसे. तेव्हा लालसर उजेडाची आठवण खेड्यातल्या माणसाला असायचं कारणच नाही.

दुसरी बॅटरी ९० व्होल्टची. तिला एचटी म्हणायचे, हाय टेन्शन. दीड व्होल्टचे ६० सेल एका पुठ्ठ्याच्या खोक्यात एकापुढे एक जोडलेले. खरा खर्च हिचा. ही संपली की रेडिओ म्हणजे नुसतं शोभेचं कपाट. त्यामुळे ऐकणं हा हिशेबाचा मामला होता. गावातले एक आबा सांगत होते, "सेल सरतेत म्हणून बातम्या झाल्या की कान पिळायचे त्याचा." रेडिओ दिवसभर मागे वाजत ठेवायचा ही कल्पनाच तेव्हाच्या खेड्याला परवडणारी नव्हती. (मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे व्हायब्रेटर सेटही असायचे. पण ती बॅटरी चार्ज करायला तालुक्याला न्यायची म्हणजे बैलगाडीचा एक दिवस गेला.)

सरकारनंही खेड्यांसाठी सार्वजनिक सेटचा मार्ग धरला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीनं सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, आणि तो प्रयोग पुढे देशभर नेला गेला. पण ती गावं होती पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली. मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, प्रयोग होऊन गेल्यावर! आमच्या नशिबात बऱ्याच गोष्टी अशा काही महिन्यांनी हुकतात. असो.

आता यातला सगळ्यात गमतीशीर योगायोग. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे 'बेल', स्थापन झाली १९५४ साली. त्याच वर्षी अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. बेलनं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली १९६१ मध्ये. म्हणजे देशी व्हॉल्व्ह हाताशी आला तोवर व्हॉल्व्हचा जमाना उतरणीला लागला होता. नंतर खेड्यांत लाईट आली, पण तिच्याबरोबरच ट्रान्झिस्टरही आला, आणि त्याला लाईट लागतच नव्हती! बुधवारची बिनाका गीतमाला सिलोनवरून ऐकायला चार सेल पुरत होते. सरसकट सांगत नाही, एखाद्या वाड्यात मोठा सेट असेलही. पण माझं मत असं की मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांनी विजेवरच्या व्हॉल्व्हची पायरी चढलीच नाही. बॅटरी सेटवरून, किंवा काहीच नसण्यावरून, एकदम ट्रान्झिस्टरवर उडी.

तेव्हा मी डोंगरकड्याच्या घरी व्हॉल्व्हचा प्रीॲम्प आणला तेव्हा 'जुनं परत आणलं' असं काही झालं नाही. ही वस्तू इथे नवीनच आहे, आणि इथल्या लाईटला तिची सवय नाही.

प्रीॲम्प साधाच. दोन ईसीसी८३, एक डाव्या चॅनलला, एक उजव्याला. हा व्हॉल्व्ह १९४० च्या दशकाच्या शेवटचा, आणि गिटारवाल्यांच्या कृपेनं रशिया, स्लोवाकिया आणि चीनमध्ये अजून बनतो. माझ्याकडे उजवा नवा, डावा बेलचा जुना. पुण्यात दोन्ही गुण्यागोविंदानं वाजत होते. इथे मात्र संध्याकाळी डावा चॅनल दबल्यासारखा व्हायचा आणि रात्री अकराला आपोआप बरा!

पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त. मशीन बंद करायचं, कपॅसिटर उतरेपर्यंत थांबायचं (आत अडीचशेच्या वर व्होल्ट असतात, जीव जातो, घाई करायची नाही) आणि दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करायची. दोष चॅनल बदलून उजवीकडे गेला, म्हणजे व्हॉल्व्हचा. जागीच राहिला असता तर रेझिस्टर, कपलिंग कपॅसिटर, सॉकेटच्या पिना असा शोध घ्यावा लागला असता. माझा दोष व्हॉल्व्हबरोबर गेला. पण मग रात्री तोच व्हॉल्व्ह बरा कसा होतो?

मल्टिमीटर लावला. संध्याकाळी मोटारी चालू, उसाला, केळीला पाणी, आणि घरात व्होल्टेज १७५. हीटरला हवेत ६.३ व्होल्ट, मिळत होते ४.८. रात्री मोटारी बंद, व्होल्टेज २५५, हीटरला ७. चालण्यासारखी मर्यादा दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. आमचं घर दोन्ही टोकांनी बाहेर! नव्या व्हॉल्व्हचा कॅथोड कमी तापूनही पुरेसे इलेक्ट्रॉन सोडतो, म्हाताऱ्याला ते जमत नाही. जुना व्हॉल्व्ह किंवा कमी व्होल्टेज, एकेकटं असतं तर काहीच कळलं नसतं. आमच्या धंद्यात असे बग सापडायला महिने जातात.

स्टॅबिलायझर लावला तर नवीन दुखणं: त्याच्या रिलेची टकटक स्पीकरमधून, वर घुमणारा हम. हमचा सूर कानानं ओळखता येतो. १०० हर्ट्झचा करकरीत असेल तर फिल्टरचा कपॅसिटर गेलेला. ५० चा जाड, खर्जातला असेल तर हीटरच्या एसी तारा, अर्थिंग किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. माझा ५० चा. स्टॅबिलायझर दूर सरकवल्यावर निम्मा गेला. उरलेला हीटरचा.

इथे तो बॅटरी सेट आठवला. त्याला हम नव्हताच, कारण त्यात एसी कुठे होता? शौकीन लोक आज हजारो रुपये घालून हीटरला शुद्ध डीसी देतात, तो त्या सेटला नाइलाजानं फुकट मिळालेला होता. आणि ईसीसी८३ च्या हीटरचे दोन भाग एकापुढे एक जोडले की त्याला १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर लागतात. बारा व्होल्टची बॅटरी यासाठीच केल्यासारखी!

यूपीएसची सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी घेतली, चार आणि पाच नंबरच्या पिनांवर जोडणी बदलली, बॅटरीची ऋण बाजू चासीला बांधली. ती बांधली नाही तर हीटर अधांतरी राहतो आणि हम परत येतो. दोन्ही व्हॉल्व्हचे मिळून ३०० मिलिअँपिअर, म्हणजे बॅटरी निम्म्याच्या खाली न उतरवता दहा-अकरा तास. चार्जर लावून वाजवायचं नाही, कारण चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते आणि तेवढं हीटरला जास्त होतं. जुना बेल आता संध्याकाळीही उजव्याच्या बरोबरीनं वाजतो.

एचटी अजून लाईटवरच आहे. तीही बॅटरीवर न्यायची तर अडीचशे व्होल्टला बारा व्होल्टच्या एकवीस बॅटऱ्या लागतील. घरात विचारून पाहिलं. उत्तर एका शब्दाचं होतं.