हरिपूरची पेवे : व्यापारी वास्तू आणि वारशाचे मूल्य

शिकवणी वर्गांचे, बांधकामांचे किंवा पुरस्कारांचे ‘पेव फुटले आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. पेव म्हणजे धान्य किंवा माल साठवण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार. ज्वारीची पेवे महाराष्ट्रात अनेक गावांत होती. सांगलीजवळच्या हरिपुरात मात्र ती हळदीसाठी, आणि तीही व्यापारी प्रमाणावर वापरली गेली. म्हणून व्यापारी वास्तूंच्या वारशाचा विचार करताना हे उदाहरण उपयोगी पडते.

१८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली ही त्यांच्या संस्थानाची राजधानी झाली. पुढे ती हळदीची मोठी पेठ बनली. येथे विकली जाणारी सगळी हळद याच जिल्ह्यात पिकते असे नाही; इतर जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतूनही ती येते. हळदीचे पीक एकदाच निघते, मागणी मात्र वर्षभर असते आणि भाव वरखाली होत राहतो. भाव येईपर्यंत माल राखता आला, तरच पेठ टिकते. सांगलीत हळदीचे वायदे बाजार चालले, त्यामागेही साठवणुकीची ही सोय होती.

कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपुरात नदीने आणलेल्या मातीचा जाड थर आहे. ही माती घट्ट असल्याने खोल खणले तरी भिंत ढासळत नाही. पेवाचे तोंड अरुंद असते, माणूस उतरेल एवढे. आत ते मडक्यासारखे रुंद होत जाते. आतून सारवून, पाचट किंवा चटयांचे अस्तर लावून हळद भरतात आणि तोंड झाकून मातीने लिंपून टाकतात. आत राहिलेल्या किडी आणि सूक्ष्मजीव तिथला ऑक्सिजन वापरतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. औषध न मारता हळद वर्षानुवर्षे राहते. आज हवाबंद पिशव्यांतून धान्य साठवण्याचा जो प्रसार होतो, त्याचे तत्त्व हेच आहे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे मात्र जिवावर बेतू शकते. तोंड काही तास उघडे ठेवायचे, दिवा खाली सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे, ही रीत आहे.

बंद पेव मधूनमधून उघडून पाहता येत नाही. त्यामुळे मालाचा मालक, पेवाचा मालक आणि भरणारे हमाल यांच्यातील विश्वास हाही या वास्तूचाच भाग मानावा लागतो. माझ्या मते पेवाचे वारसामूल्य मुख्यतः इथे आहे. दर्शनी भाग, कमानी, लाकडी कोरीवकाम या नेहमीच्या कसोट्या येथे लागूच पडत नाहीत, कारण जमिनीवर दिसण्यासारखे फारसे काही नाही.

कायद्याचीही तीच अडचण. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक किमान १०० वर्षे जुने असावे लागते. पुन्हा पुन्हा सारवलेल्या, उकरलेल्या खड्ड्याचे वय कोणते धरायचे? (भिलाईसारख्या १९५५ नंतर उभ्या राहिलेल्या पोलादनगरीतले बाजार तर या व्याख्येत अजून बसतच नाहीत.) मुंबईत १९९५ पासून नगररचनेच्या नियमांतून खासगी इमारतींनाही वारसा श्रेणी मिळते. तो मार्ग जास्त लवचिक आहे, पण त्याची सारी भाषा इमारतींची आहे.

माल्टातील फ्लोरियाना येथे सतराव्या शतकातील भूमिगत धान्यकोठारे आहेत आणि ज्या चौकात ती आहेत, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इटलीतील चेरिन्योला गावी प्रत्येक खड्ड्याजवळ मालकाची आद्याक्षरे कोरलेला दगड उभा आहे. तेथील कोठारांना जमिनीवर खूण होती म्हणून ती नजरेत राहिली. हरिपूर मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संगमेश्वराचे देऊळ आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव म्हणून.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून हळद कुजली. व्यापाऱ्यांचा विश्वास डळमळला आणि गोदामे व शीतगृहे यांच्याकडे माल वळला. २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. या दोन पुरांच्या मधल्या काळात, २०१८ मध्ये, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मालाला मिळाले. माल ज्यात राखला जाई त्या पेवांना त्याचे संरक्षण नाही.

व्यापाऱ्याला दोष देता येणार नाही. ज्या पेवात पाणी शिरू शकते, तिथे लाखोंचा माल तो का ठेवेल? पेवमालकाचेही तसेच. रिकाम्या पेवाला भाडे नाही आणि शहर हरिपूरकडे सरकत असताना जमिनीचा भाव वाढत आहे. घर बांधायचे तर पाया घालण्यापूर्वी पेव बुजवावेच लागते. जुना वाडा पडला तर निदान चौथरा, दगड, तुळया उरतात. पेव बुजवले की वर सपाट जमीन असते. तोंडे नेमकी कुठे होती, हे आज हरिपुरातले म्हातारे हमाल आणि मालकच दाखवू शकतात. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने त्यांच्यासोबत गावात फिरून नकाशा करायचा ठरवला, तर काम एका सत्राचे आहे.