दुसऱ्याचा कोड, आपला फेरफार

मावळात जमिनीचा व्यवहार झाला की पहिली चौकशी होते ती फेरफाराची. खरेदीखत झाले, वारस लागले, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो. नोंदीला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव पुसत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकत. द्रुतगती महामार्ग, तळेगावची एमआयडीसी आणि लोणावळ्याचे बंगले यांनी वडगावच्या तालुका कचेरीला असे क्रमांक भरपूर पुरवले. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, तेव्हापासूनची ही शिस्त.

प्रोग्रामच्या सोर्स कोडला अशी वही मिळायला १९७२ साल उजाडावे लागले. बेल लॅब्जमधल्या मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, हे ती राखून ठेवी. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. दोन्हींचा भर आपणच लिहिलेल्या एकेका फाइलवर होता. बाहेरून आलेला, दुसऱ्याने लिहिलेला कोड दप्तरी कसा दाखल करायचा, हा प्रश्न तोवर कोणाला फारसा टोचत नव्हता.

तो टोचू लागला तो सीव्हीएस या प्रणालीच्या काळात. तिचा जन्म मात्र अगदी घरगुती अडचणीतून झाला. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात डिक ग्रुने हे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच बसणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि खुद्द ग्रुने यांना सवड फक्त संध्याकाळी. तिघांनी एकमेकांची वाट न पाहता काम करावे म्हणून त्यांनी काही शेल स्क्रिप्ट लिहिल्या आणि १९८६ साली त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी तीच कल्पना सी भाषेत नव्याने उतरवली. बर्लिनर यांच्या प्रिझ्मा कंपनीची गरज वेगळी होती. तिथे सन कंपनीच्या युनिक्सचा सोर्स येई, त्यात प्रिझ्माचे लोक आपले बदल करत, आणि तेवढ्यात सनची नवी आवृत्ती येऊन थडके. आपले बदल नव्या आवृत्तीवर पुन्हा बसवायचे कसे?

बर्लिनर आणि जेफ पोल्क यांचे उत्तर म्हणजे ‘व्हेंडर ब्रँच’, पुरवठादाराची स्वतंत्र शाखा. ‘सीव्हीएस इम्पोर्ट’ ही आज्ञा दिली की बाहेरचा कोड १.१.१ या शाखेवर जाई आणि तिथे त्याला १.१.१.१ असा क्रमांक मिळे. आपण केलेला पहिला बदल मुख्य खोडावर १.२ म्हणून चढे. पुरवठादाराची पुढची आवृत्ती आली की ती १.१.१.२ होई, आणि मग दोन्हींचे मर्ज, म्हणजे एकत्रीकरण, करायचे. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तर सीव्हीएस फाइलीतच कोनदार खुणांच्या रांगा टाकून वरची बाजू कोणाची, खालची कोणाची हे दाखवी आणि निवाडा माणसावर सोडून देई. ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ एकाच झाडावर, पण निरनिराळ्या फांद्यांवर. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत निघालेली बहुतेक साधने या एकाच कल्पनेची नातवंडे आहेत.

लिनक्स वितरण करणाऱ्यांचा तर सगळा धंदाच दुसऱ्याच्या कोडवर उभा. कर्नल एकाचा, कंपायलर दुसऱ्याचा, फाँट तिसऱ्याचा. १९९३ साली डेबियन सुरू झाले, १९९५ साली रेड हॅटने आरपीएम ही पॅकेज बांधण्याची पद्धत आणली, आणि दोघांनीही एकच पथ्य पाळले: मूळ कर्त्याचा टारबॉल, म्हणजे सोर्सचे गाठोडे, जसेच्या तसे ठेवायचे. आपले बदल पॅचच्या वेगळ्या फाइलींत. आरपीएमच्या जगात त्यासोबत एक ‘स्पेक’ फाइल असते. कोणता टारबॉल, कोणते पॅच कोणत्या क्रमाने, बांधायचे कसे आणि खाली तारीखवार चेंजलॉग, असे सगळे तिच्यात. हे सारे मिळून बनते ते ‘सोर्स आरपीएम’.

पण गठ्ठा म्हणजे इतिहास नव्हे. दोन गठ्ठ्यांमध्ये काय घडले हे कळायला ते रिपॉझिटरीत, म्हणजे बदलांचा इतिहास राखणाऱ्या दप्तरात, ओळीने लावावे लागतात. रेड हॅटने हे जुन्या पॅकेजांसाठी केले, त्याची खूण आजही दिसते. रेड हॅटच्या आधाराने चालणाऱ्या फेडोरा या वितरणाच्या जुन्या पॅकेजांचा लॉग तळापर्यंत वाचत गेले की ‘सीव्हीएसडिस्ट’ या नावाच्या कमिटांची, म्हणजे बदलांच्या नोंदींची, रांग लागते. प्रत्येकाचा मजकूर एकच, ‘ऑटो-इम्पोर्ट’ आणि पुढे कोणत्या तरी सोर्स आरपीएमचे नाव. आवृत्त्या कित्येक वर्षांच्या, पण तारखा सगळ्यांच्या सप्टेंबर २००४ च्या. वर्षानुवर्षांचे गठ्ठे एका स्क्रिप्टने एकावर एक रचून इतिहास बांधला, म्हणून ही गंमत. त्यात खरे बदल आहेत, पण ते करणाऱ्यांची नावे नाहीत. ती शोधायला चेंजलॉगच चाळावा लागतो.

याच सुमारास पुण्याचे एक काम या जगात दाखल झाले. डीटीपीवाल्यांना श्री-लिपीमुळे परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून रेड हॅटने भारतीय लिप्यांचे फाँट घेतले आणि ‘लोहित’ या नावाने जीपीएल परवान्याखाली मोकळे केले. ज्या काळात मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला की चौकटी आणि प्रश्नचिन्हे होत असे, त्या काळात लिनक्सवर युनिकोड मराठी वाचता आली ती बरीचशी या फाँटांमुळे. फेडोरात ते आधी ‘फाँट्स-इंडिक’ या एकाच पॅकेजात होते. पुढे लिपी आणि भाषांनुसार पॅकेजे वेगळी झाली, त्यात लोहित देवनागरी आणि लोहित मराठीही. डेबियननेही तोच सोर्स आपल्या पद्धतीने आत घेतला. आज तिथे देवनागरीचे पॅकेज ‘फाँट्स-लोहित-देव’ या नावाने मिळते. सप्टेंबर २०११ मध्ये परवाना बदलून एसआयएल ओपन फाँट लायसन्स झाला.

फाँट रिपॉझिटरीत घालताना नेमके काय घालायचे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. वापरायला मिळणारी टीटीएफ फाइल ही बायनरी. तिच्यात एक बिंदू हलला तरी ‘फाइल बदलली’ यापलीकडे गिट ही आजची नोंद-प्रणाली काहीच सांगू शकत नाही. लोहितचा सोर्स मात्र फाँटफोर्ज या फाँट घडवण्याच्या साधनाच्या एसएफडी स्वरूपात ठेवला गेला, आणि ती फाइल साधी मजकुराची असते. ‘ल’चा उतारा शोधायचा तर २३५४ हा आकडा शोधायचा, कारण युनिकोडमध्ये ‘ल’ त्या जागी आहे. त्याखाली वळणाचे बिंदू ओळीओळीने मांडलेले असतात. मराठी ‘ल’ची गाठ हिंदीपेक्षा वेगळी म्हणून कोणी दोन बिंदू सरकवले, तर नेमक्या त्या ओळी कमिटमध्ये दिसतात. पुढे ‘लोहित-२’ या कामात जोडाक्षरांचे नियमही वाचता येतील अशा मजकुराच्या फाइलींत आणले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कोणता नियम सांभाळतो, हे आता मावळातल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही उघडून पाहता येते. अर्थात मॉड्युलरच्या कार्यालयात ही अक्षरे पहिल्यांदा घडली ते दिवस या रिपॉझिटरीत नाहीत. फाँट हाती आल्यानंतरचाच इतिहास तिच्यात आहे.

दरम्यान आयातीची पद्धत बदलत होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले, आणि जुलै २०१० मध्ये फेडोराने सीव्हीएस सोडून आपली पॅकेजे गिटवर नेली. आधी सोर्स आरपीएम आत घ्यायला ‘सीव्हीएस-इम्पोर्ट’ नावाची स्क्रिप्ट असे, आता ‘फेडपीकेजी इम्पोर्ट’ आले. ही आज्ञा गठ्ठा सोडते, स्पेक आणि पॅच गिटमध्ये ठेवते, आणि टारबॉल ‘लुकअसाइड कॅश’ नावाच्या वेगळ्या कोठारात पाठवते. गिटमध्ये टारबॉलच्या जागी उरते ती ‘सोर्सेस’ फाइलीतली एक ओळ, टारबॉलचे नाव आणि त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा. टारबॉलमधला एक अक्षरभर मजकूर इकडचा तिकडे झाला तरी हॅश जुळत नाही आणि बिल्ड थांबते. डेबियनने दुसरा रस्ता धरला. ‘गिट-बिल्डपॅकेज’ हे साधन टारबॉल उलगडून ‘अपस्ट्रीम’ शाखेवर ठेवते आणि डेबियनचे बदल शेजारच्या शाखेवर, म्हणजे थेट बर्लिनर यांचीच मांडणी. शाखेवरून मूळ टारबॉल पुन्हा शेवटच्या बाइटपर्यंत तसाच घडवता यावा म्हणून जोई हेस यांनी ‘प्रिस्टीन-टार’ लिहिले. हट्ट विचित्र वाटेल, पण मूळ कर्त्याची सही त्या टारबॉलवर असते, त्यामुळे तो जुळलाच पाहिजे.

या कामात पुण्याचा वावर वाढत गेला. रेड हॅटचे पुण्यातील कार्यालय, सिम्बायोसिसमध्ये भरणारे मुक्त सॉफ्टवेअरचे ‘ग्नूनिफाय’ संमेलन, नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटीत झालेली फेडोराची ‘फुडकॉन’ परिषद यांतून पॅकेज बांधणाऱ्यांची एक पिढी घडली. फेडोरात नवे पॅकेज आणायचे तर आधी बगझिला या तक्रारनोंदीच्या प्रणालीवर परीक्षणाची विनंती टाकावी लागते. परवान्यापासून स्पेकमधल्या रिकाम्या जागांपर्यंत सगळे दुसरा कोणी तपासतो, आणि त्याने मान्यता दिल्यावरच रिपॉझिटरी उघडते व आयात होते. कंटाळवाणे काम. पण ते करणारी माणसे नसती तर वितरणे केव्हाच कोसळली असती.

२९ मार्च २०२४ रोजी टारबॉल जसाच्या तसा घेण्याच्या या जुन्या पथ्याची दुखरी नस उघडी पडली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, आणि माग काढत ते ‘एक्सझेड’ या पॅकेजातल्या चोरदरवाजापर्यंत पोचले. दीर्घकाळ काम करून विश्वास कमावलेल्या एका सहदेखभालकर्त्याने तो घातला होता. घातक सामान चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्येच होते. ते जागे करणारी स्क्रिप्ट मात्र फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. म्हणजे पॅकेज बांधणाऱ्यांनी नेमाने टारबॉल आणला, सही तपासली, हॅश नोंदवला, आणि गिट चाळणाऱ्याला दिसली नसती अशी स्क्रिप्ट शिस्तशीर आत घेतली. फेडोराच्या रॉहाइड आणि डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग या विकासाधीन आवृत्त्यांमध्ये ती पोचली होती.

तेव्हापासून टारबॉल आयात करावा की मूळ कर्त्याच्या गिटमधला सही केलेला टॅग, यावर जोरदार वाद आहेत. टॅगवाल्यांचे म्हणणे, निदान इतिहास दिसतो. टारबॉलवाल्यांचे म्हणणे, गिटमध्ये उघड दिसत असूनही चाचणीच्या फाइलींकडे कोणी पाहिले नव्हतेच. चोरदरवाजा सापडला तेव्हा डेबियनला तातडीने एक्सझेडच्या जुन्या आवृत्तीवर परतायचे होते, पण पॅकेजचा आकडा खाली आणता येत नाही. तसे केले तर लोकांच्या संगणकांना ते अद्यतन वाटतच नाही. म्हणून नवे पॅकेज निघाले ते ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ या आकड्याने. बाहेर ५.६.१, आत ५.४.५. चोरदरवाजाची आवृत्ती आत कशी आली आणि बाहेर कशी काढली, याची ही नोंद लॉगमध्ये कायमची आहे.