परसात पहिल्यांदाच कोंबड्या पाळताय? खाडीपट्ट्यात कोणती जात चालेल, आधी वाचा

पेण : भाताची झोडणी उरकली की गावोगाव मोटरसायकलवर पिल्लं विकायला येतात. ‘गावठीच आहेत, घ्या’ असं सांगितलं जातं. पण लहान पिल्लावरून जात ओळखता येत नाही. पाच-सहा महिने दाणा घातल्यावर कळतं की निम्मे कोंबडेच निघाले, नाहीतर पहिल्याच पावसात खुराडं रिकामं झालं. धरमतर खाडीकाठच्या पेण-रोहा भागात नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी एकच गोष्ट ठरवावी : कोंबडी कशासाठी पाहिजे? अंडी, मटण, की घरचीच पिल्लं?

गावठी : वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी. अंडी कमी, पण खुडूक बसते, 21 दिवसांत पिल्लं काढते आणि स्वतः सांभाळते. हलकी असल्याने घार-मुंगसापासून उडून वाचते. बाजारात अंड्याला आणि कोंबड्याला दर चांगला मिळतो.

ग्रामप्रिया : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची जात. अंड्यांसाठी उत्तम. थोडा वरचा दाणा दिला तर परसात वर्षाला 160 ते 180 तपकिरी अंडी मिळतात. मात्र खुडूक बसण्याची आशा धरू नये.

वनराज : हीसुद्धा हैदराबादचीच. अंडी शंभराच्या आसपास, पण अंगाने भरते. कोंबडे विकायचे असतील तर चांगली. जड असल्याने पळायला मंद, म्हणून कुत्रं-मुंगूस जास्त असलेल्या वाडीत लक्ष ठेवावं लागतं.

गिरिराज : बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली. अंडी आणि मटण दोन्हीसाठी, पण हीसुद्धा जडच.

कडकनाथ : मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. 2018 मध्ये तिथल्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंडी कमी आणि खुडूकही क्वचित बसते. गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर नवख्याने यात पैसे घालू नयेत.

हिशेब असा करा

सहा गावठी कोंबड्यांची वर्षाला साधारण 360 अंडी, म्हणजे घरात रोज एक. सहा ग्रामप्रियांची हजाराच्या जवळपास, म्हणजे रोज अडीच-तीन. पण ग्रामप्रिया म्हाताऱ्या झाल्या की पुन्हा विकतच आणाव्या लागतात. संकरित जातीची घरची पिल्लं आईइतकी अंडी देत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी चार ग्रामप्रिया आणि तीन-चार गावठी असा मेळ बरा पडतो. एकीने अंडी द्यायची, दुसरीने पिल्लं काढायची. एवढ्यांना कोंबडा एकच पुरतो. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही.

पिल्लं की तलंगा?

एक दिवसाच्या पिल्लांना तीन-चार आठवडे बल्बची ऊब लागते. गावात लाईट गेली की पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात आणि मरतात. नवख्याने लसीकरण झालेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. दर जास्त पडतो, पण नर-मादी ओळखू येते. आणायच्या तर दिवाळीनंतर, म्हणजे पावसाळ्यापर्यंत कोंबड्या तयार होतात. जूनमध्ये सुरुवात करू नये.

खाडीकाठची काळजी

उधाणात बांध फुटला की खारं पाणी परसापर्यंत येतं. म्हणून खुराडं जमिनीवर नको, दोन-तीन फूट उंच ओट्यावर किंवा खांबांवर करा. खाली भाताचं तूस पसरा आणि ओलं झालं की लगेच बदला. ओलीमुळे रक्ती हगवण लागते. प्यायला गोडं पाणीच ठेवा.

खाण्याला कणी, कोंडा आणि घरचं उरलंसुरलं चालतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला थोडा सुका जवळा आणि शिंपल्यांचा चुरा द्या, त्याने अंड्याचं कवच घट्ट होतं. खारवलेली सुकी मासळी मात्र घालू नका, जास्त मीठ कोंबड्यांना बाधतं.

लस चुकवू नका

परसातल्या कोंबड्यांचा सर्वात मोठा घात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग करतो. त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिली लस पहिल्या आठवड्यात, दुसरी चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुढची आठव्या आठवड्यात देतात. तलंगा घेताना कोणत्या लसी झाल्या ते विचारून घ्या. बाजारातून आणलेला नवा पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर खाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका आणि खाऊही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा त्या भागातल्या कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या होत्या.

कुठे विचारायचं?

खात्रीची पिल्लं शासनाच्या अंडी उबवणी केंद्रात मिळतात. पुण्यात खडकीला असं केंद्र आहे. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत 25 तलंगा व 3 नर असा गट 50 टक्के अनुदानावर दिला जातो. यंदा अर्ज सुरू आहेत का, हे पंचायत समितीतल्या पशुसंवर्धन विभागात विचारावं. पण अनुदान मिळतंय म्हणून एकदम जास्त कोंबड्या आणू नका. आधी सात-आठ कोंबड्यांवर एक पावसाळा काढून बघा. त्या टिकल्या तर वाढवायला पुढचं वर्ष आहेच.